कडबाकुट्टीचं ब्रोशर आणि कुणाची तरी म्हैस

परवा एका ज्युनियर मुलीचा मेसेज आला. ताई, पहिल्यांदाच एका कंपनीचं ब्रोशर करायला मिळालंय, काही टिप्स दे ना. मी टाइप करायला बसले आणि चार ओळींत अडकले, कारण थ्री फोल्ड घे, फॉन्ट दोनच वापर, फोटो चांगले घे हे तिला कुठेही मिळेल, मी वेगळं काय सांगणार. मला खरं तर फक्त अण्णांच्या कडबाकुट्टीची गोष्ट सांगता येते. तर ही पोस्ट तीच आहे. लांब झालीय, चहा घेऊन बसा.

अण्णा म्हणजे बाबांचे मित्र. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे, दहाबारा माणसं, दोन लेथ, वेल्डिंगचा सतत चर्र आवाज आणि दारात रंग वाळत ठेवलेल्या कडबाकुट्ट्या. शहरातल्यांसाठी सांगते, कडबाकुट्टी म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायचं मशीन, आमच्याकडे कडबा कमी आणि उसाचं वाढं, मका, हत्तीघासच जास्त कापतात पण नाव कडबाकुट्टीच. एका बाजूने चारा घालायचा, आत फिरणाऱ्या चाकाला पाती बसवलेली असतात, दुसऱ्या बाजूने भुगा पडतो. बस एवढंच मशीन. पण अण्णांसमोर असं "एवढंच" म्हणायचं नाही, मी एकदा म्हणाले आणि तासभर बेअरिंगवर लेक्चर ऐकलं.

तर त्या वर्षी अण्णांनी ठरवलं की मोशीच्या किसान प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा. डिसेंबरात पुण्याजवळ भरतं ते. आणि स्टॉल म्हटलं की ब्रोशर पाहिजे. मी गेले तर त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून जुनं ब्रोशर काढलं, कधी केलं होतं देव जाणे. वर गणपती, खाली अण्णांच्या वडिलांचा फोटो, शेजारी फॅक्टरीच्या गेटचा फोटो ज्यात गेटपेक्षा समोर लावलेली स्प्लेंडर जास्त ठळक, चौदा मॉडेलं शेंगदाण्याएवढ्या फोटोंत, आणि मागच्या पानावर हिरव्यागार कुरणात चरणारी काळीपांढरी विलायती गाय. अण्णा म्हणाले, "हे सगळं ठेव, फक्त जरा मॉडर्न कर. आणि आमचं व्हिजन मिशन पण टाक, सगळ्यांच्यात असतंय."

मी पण तेव्हा नवीनच होते आणि मला मॉडर्न करता येत होतं, त्यामुळे मी ते केलं.

पहिलं ब्रोशर दिसायला खरंच छान होतं. ए-फोरचं थ्री फोल्ड, गडद हिरवा रंग, त्यावर क्रीम रंगात नाजूक अक्षरं, १७० जीएसएमचा आर्ट पेपर, वर ग्लॉस लॅमिनेशन. कव्हरवर स्टॉक साइटवरचा शेतकरी. "इंडियन फार्मर" सर्च केलं की जो येतो तोच, पांढराशुभ्र फेटा, इस्त्रीचा सदरा, हातात लॅपटॉप आणि हसतोय. का हसतोय माहीत नाही. आत स्पेसिफिकेशनचा टेबल, एचपी, आरपीएम, ताशी किलो, वजन, पात्यांची संख्या. मागे नकाशा आणि व्हिजन मिशन. पाच हजार प्रती छापल्या.

आता एक गंमत सांगते जी तेव्हा अजिबात गंमत नव्हती. थ्री फोल्डमध्ये तिन्ही पानं सारखी नसतात. २९७ मिलीमीटरचे तीन सारखे भाग केले तर ९९-९९-९९ होतात, पण जे पान घडीत आत जातं ते थोडं लहान लागतं, नाहीतर आत अडकून कागद फुगतो. म्हणून १००, १०० आणि आतलं ९७. हे मला माहीत होतं, कॉलेजात शिकवलं होतं. पण कागद पालटला की क्रम उलटा होतो हे मी विसरले. बाहेरच्या बाजूला ९७चं पान डावीकडे येतं, तर आतल्या बाजूला तेच पान उजवीकडे जातं. मी दोन्हीकडे डावीकडेच ठेवलं. त्यामुळे आतल्या बाजूला घडी एकीकडे आणि माझा रंग बदलतो ती रेष दुसरीकडे, मधे बरोबर तीन मिलीमीटरची हिरवी पट्टी पांढऱ्या पानाच्या कडेला डोकावतेय. पाच हजार कागदांवर. प्रेसवाल्यांनी गठ्ठे बांधून दिले तेव्हा मी त्यातलं एक उघडलं आणि पोटात गोळाच आला. रात्रभर झोप नाही, सकाळी अण्णांना दाखवायला गेले, रडायच्या बेतात होते. अण्णांनी चष्मा वर केला, ब्रोशर लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "ही पट्टी डिझाइनची हाय न्हवं? चांगली दिसत्या."

नंतर मोशीत दोन दिवस मी स्टॉलवर उभी राहिले, शेकडो लोकांनी ते हातात घेतलं, एकालाही ती पट्टी दिसली नाही. म्हणून काही ते तीन मिलीमीटर विसरून जा असं नाही, कोरा कागद घेऊन एकदा घडी घालून त्यावर पेनाने "कव्हर", "आत", "मागे" लिहून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, मी आजही करते. सांगायचं ते वेगळंच आहे, की मी ज्या चुकीसाठी रात्रभर जागले ती कुणाला दिसली नाही, आणि ज्या खऱ्या चुका होत्या त्या मला स्टॉलवर उभी राहीपर्यंत चुका वाटल्याच नव्हत्या.

पहिली चूक पेन. गिऱ्हाईक मशीन बघायचं, किंमत विचारायचं, अण्णा किंमत सांगायचे आणि सवयीप्रमाणे ब्रोशरवर लिहून द्यायला जायचे. पेन घसरायचं. ग्लॉस लॅमिनेशनवर बॉलपेन उमटत नाही आणि जेलची शाई पुसली जाते. अण्णांनी दोनतीनदा पेन झटकलं, मग माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. दुपारपर्यंत दादा, म्हणजे अण्णांचा मुलगा, शेजारच्या ठिबकवाल्याकडून बिलबुक मागून आणून त्याच्या पाठकोऱ्या कागदांवर किमती लिहून देत होता. माझं गुळगुळीत ब्रोशर आणि त्यात घडी घालून ठेवलेला बिलबुकाचा फाटका कागद. आणि मी शपथेवर सांगते, लोक तो कागद नीट खिशात ठेवत होते आणि ब्रोशर पिशवीत टाकत होते.

ती पिशवी पण बघण्यासारखी असते. प्रदर्शनात कुठली तरी मोठी कंपनी दारातच कापडी पिशव्या वाटते आणि माणसं त्यात दिसेल ते ब्रोशर टाकत जातात, ट्रॅक्टर, बियाणं, शेडनेट, सोलर, सगळं. संध्याकाळपर्यंत पिशवीला चांगलं वजन आलेलं असतं. गावाकडून क्रूझर करून दहाबारा जण आलेले असतात, त्यांची घाई वेगळीच. स्टॉलवर उभं राहून ब्रोशर वाचणारा माणूस मी दोन दिवसांत पाहिला नाही. वाचतील कशाला, मशीन समोर आहे, मालक समोर आहे, विचारलं की उत्तर मिळतंय.

आणि विचारत काय होते? मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहूनच ठेवलं. घरच्या मीटरवर चालंल का. किती म्हशींना पुरंल. वाढं अडकतंय का. पात्याला धार गावात लावून मिळंल का तुमच्याकडंच यायचं. आवाज लई हाय का, म्हस बुजंल. अनुदानात बसतंय का. आणि बायका आल्या तर हमखास, चारा घालताना हात आत जायची भीती हाय का.

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या ब्रोशरमध्ये नव्हतं. म्हणजे होतं, पण कुलूप लावून ठेवलेलं. "२ एचपी, सिंगल फेज" याचा अर्थ घरच्या मीटरवर चालेल असाच आहे, पण तो अर्थ काढायचं काम मी वाचणाऱ्यावर टाकलेलं. "ताशी ८०० किलो" म्हणजे किती म्हशी हे कोण गणित करत बसणार. मी अण्णांना विचारलं तर ते पटकन म्हणाले, "कागदावर आठशे, गोठ्यात सहाशे धर." मग आम्ही तिथेच हिशोब केला. मोठ्या म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला चारा आणि चारपाच किलो सुका असं धरलं तर दहा म्हशींचे अडीचशे-तीनशे किलो होतात, म्हणजे दहा म्हशींचा दिवसाचा चारा अर्ध्या तासात. आता हे वाक्य वाचा आणि "ताशी ८०० किलो" वाचा. आकडा लहान झाला उलट, आणि तरी माणूस थांबतो. कारण ज्याच्याकडे चार म्हशी आहेत तो लगेच मनात म्हणतो, म्हणजे आपलं दहाबारा मिनिटांत उरकतंय.

पण खरा धक्का नंतर बसला, प्रदर्शन संपल्यावर पंधरा दिवसांनी.

अण्णांच्या ऑफिसचे फोन संध्याकाळी काकू घेतात. मी बिल द्यायला गेले होते, साडेसात-आठची वेळ. काकू म्हणाल्या बस, आता फोनांची वेळ झाली. मी म्हटलं आत्ता? तर म्हणाल्या, धारा काढून, डेअरीला दूध घालून माणसं घरी येत्यात न्हवं, मग करत्यात फोन. आणि खरंच तासाभरात चार फोन आले. त्यातले तीन जे प्रदर्शनात गेलेच नव्हते त्यांचे. एका बाईचा, तिचा नवरा जाऊन आलेला, तो म्हणतोय घेऊया आणि तिला बघायचं होतं की घास कुठून घालायचा. एका म्हाताऱ्यांचा, त्यांना मुलाच्या बोलण्यावर विश्वास नव्हता. आणि एक कॉलेजचा पोरगा, वडिलांनी सांगितलं म्हणून करतोय, त्याला काय विचारायचं तेच माहीत नव्हतं, मागून वडील प्रश्न सांगत होते. काकूंनी त्या बाईला विचारलं, कागद हाय का समोर? हाय म्हणाली. मग त्यावरचा फोटो बगा. ती म्हणाली, त्यात एक माणूस हसतोय.

मला अक्षरशः लाज वाटली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की ब्रोशर जो हातात घेतो त्याच्यासाठी नसतंच. तो मशीन बघून आलाय, मालकाशी बोलून आलाय, त्याचं काम झालंय. ब्रोशर जातं घरी, आणि घरी जे बसलेत ते त्याला प्रश्न विचारतात, आणि हा तिथे अण्णा नसताना अण्णांसारखी उत्तरं द्यायचा प्रयत्न करतो. आणि पैसे काढायचे का नाही ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं, जेवणं झाल्यावर, टीव्हीचा आवाज कमी करून. तिथे त्या माणसाच्या हातात लॅपटॉपवाला शेतकरी देऊन आपण त्याला तोंडघशी पाडतो.

पुढच्या वर्षीचं ब्रोशर आम्ही तिघांनी मिळून केलं, मी, अण्णा आणि काकू. दादा पण होता पण तो फक्त क्यूआर कोड टाका म्हणत होता. (तो पण शेवटी टाकला, त्याचं पुढे सांगते.)

सगळ्यात आधी फोटो. अण्णांच्या मते मशीनचा फोटो वर्कशॉपमध्ये, नवीन रंगाचा, मागे पांढरा पडदा लावून काढायचा. मी म्हटलं गोठ्यात काढूया. अण्णा म्हणाले, गोठ्यात घाण दिसंल. काकू म्हणाल्या, गोठ्यात घाण न्हाई तर काय गुलाबपाणी असतंय? संपला विषय. वडणग्याला अण्णांच्या बहिणीचा गोठा आहे, आत्याबाईंचा, तिथे सकाळी सातला गेलो. सकाळचं ऊन तिरकं येतं त्यामुळे मशीन पण उठून दिसतं आणि काळ्या म्हशी नुसत्या काळ्या डागासारख्या येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं, दुपारी काढले असते तर म्हशीच्या जागी भोक दिसलं असतं. आत्याबाईंनी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि वाढ्याची पेंढी उचलून नेहमीसारखी घालायला लागल्या. मी तीसचाळीस फोटो काढले. मागे एक म्हैस मान वळवून बघत होती, छान शिंगं, अगदी पोज दिल्यासारखी. तोच फोटो कव्हरवर गेला.

जाता जाता एक. अण्णांच्या भाच्याने त्याच्या मोबाईलवरचे चांगले फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, नेहमीसारखे. ते आकसून येतात, मोबाईलवर झकास दिसतात आणि छापल्यावर वाळू टाकल्यासारखे. डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणून मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा गाडी काढून वडणग्याला जाऊन केबलने घेऊन आले. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके, लागतात हे क्लायंटला समजावण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त पडतं.

मग भांडण झालं ते हाताच्या प्रश्नावरून. अण्णांच्या मशीनला एक लिव्हर आहे, चारा ओढणारे रोलर उलटे फिरवायची. काही अडकलं, किंवा नको ते आत जायला लागलं की लिव्हर ओढायची, रोलर उलटे फिरून बाहेर टाकतात. मी म्हटलं हे मोठं दाखवायचं, आणि खाली स्पष्ट लिहायचं की चारा हाताने आत ढकलायचा नाही, पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्यायची, लहान पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. अण्णा एकदम तडकले. "म्हंजे तू गिऱ्हाइकाला भ्या घालणार? आमचं मशीन धोक्याचं हाय असं आपणच छापायचं?" त्यांचं पण खोटं नव्हतं, शेजारच्या कुठल्याच स्टॉलच्या ब्रोशरमध्ये अशी ओळ नव्हती. पण कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं गावोगाव असतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, मग आपण न बोलल्याने भीती जाते का? ती फक्त विचारायची राहते. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला फोनवर रोज हेच विचारत्यात. छापलंसा तर माझं बोलायचं तरी वाचंल." अण्णा उठून बाहेर गेले, लेथजवळ जाऊन उभे राहिले, परत आले आणि म्हणाले लिव्हरला लाल रंग मारून घेऊया, फोटोत नीट दिसंल. आता त्यांची सगळीच मशीनं लाल लिव्हरची निघतात. ब्रोशरमुळे माल बदलला असं माझ्या करिअरमध्ये एकदाच झालंय.

मजकूर मी लिहिला नाही. म्हणजे लिहिला, पण काकूंच्या तोंडचा. वहीतले प्रश्न तसेच्या तसे मोठ्या अक्षरात टाकले आणि काकू फोनवर जसं उत्तर देतात तसं खाली. "घरच्या मीटरवर चालेल का? चालेल. सिंगल फेज मोटर आहे. गोठा मीटरपासून लांब असेल तर वायर जाड घ्या, बारीक वायरने मोटर जळते." ही शेवटची ओळ अण्णांना खूप आवडली, कारण मोटर जळाल्याच्या निम्म्या तक्रारी वायरच्याच असतात म्हणे. अनुदानाच्या प्रश्नाला मात्र आम्ही छापील उत्तर दिलंच नाही. योजनेचे नियम आणि टक्केवारी बदलत राहते, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो, आज छापलेलं पुढच्या वर्षी खोटं ठरलं तर शिव्या अण्णांनाच. "अनुदानाबद्दल फोन करा, आजची स्थिती सांगतो" एवढंच. व्हिजन मिशन काढलं. अण्णा दोन दिवस हळहळले.

हे सगळं आम्ही काही जगावेगळं केलं अशातला भाग नाही. आमच्याच भागातलं जुनं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली तेव्हा त्यांच्या पहिल्यावहिल्या मालात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर होते, आणि नांगर लवकर खपेना कारण लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत. म्हणजे वस्तू चांगली असून उपयोग नव्हता, घरोघरी बसलेली शंका निघायला हवी होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिथून "किर्लोस्कर खबर" निघायला लागलं, कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला. ते बघणारे शं. वा. किर्लोस्कर चित्रकला शिकलेले होते. त्या खबरचंच पुढे "किर्लोस्कर" मासिक झालं. मी हे मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितलं तर म्हणाले, मग आपण पण मासिक काढूया का, त्यात व्हिजन मिशन बसंल.

आता अक्षरांचं थोडं, कारण मराठी ब्रोशरमध्ये निम्मा घोळ इथेच होतो आणि इंग्रजी ट्यूटोरियल बघून शिकलेल्यांना हे कुणी सांगत नाही. इंग्रजी हेडिंगमध्ये अक्षरं लांब लांब ठेवली की रुबाबदार दिसतं, तीच युक्ती मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा माळेतून सुटलेल्या मण्यांसारखा अवतार होतो. मी सुरुवातीला हे केलंय, कबूल करते. दोन ओळींमधलं अंतर पण इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. आणि "कुट्टी" या शब्दाने तर आमचा छळ केला. माझ्या फाइलमध्ये एकाखाली एक ट नीट होते, प्रेसमध्ये जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली आणि पहिल्या ट चा पाय मोडून शेजारी दुसरा ट उभा, शिवाय पहिली वेलांटी सगळीकडे एक अक्षर पुढे सरकलेली. ऑपरेटर म्हणाला, मॅडम कर्व्ह करून द्या की, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, मग फॉन्टचा प्रश्नच येत नाही. बरोबरच होतं त्याचं, माझाच आळस. तेव्हापासून टेक्स्ट कर्व्ह केल्याशिवाय फाइल पाठवत नाही, आणि कर्व्ह केल्यावर परत एकदा सगळं मोठ्याने वाचते.

आणि ल आणि श. हिंदी वळणाचा ल आणि आपला ल वेगळा, श पण वेगळा, शासनाने २००९ च्या जीआरमध्ये मराठी रूपंच ठरवून दिलीत. कित्येक फॉन्टमध्ये आपली रूपं आत असतात, भाषा मराठी निवडली की बाहेर येतात, न निवडल्यास हिंदी. मला वाटायचं हे फक्त आमच्यासारख्या फॉन्टवेड्यांना दिसतं. अण्णांनी प्रूफ बघितलं आणि म्हणाले, "हे आपलं न्हाई वाटत. राजकोटचा माल वाटतोय." का वाटतोय ते त्यांना सांगता येईना. मी ल बदलला, परत प्रिंट दिली. "हां, आता कोल्हापूरचं वाटतंय." त्यांची सगळी लढाई गुजरातहून येणाऱ्या स्वस्त मशीनशी, तिथे एका ल ने घात केला असता.

छपाईचं फार सांगत नाही. स्क्रीनवरचा पोपटी हिरवा कागदावर शेवाळी होतो कारण स्क्रीनचे रंग वेगळे आणि चार शाईंचे वेगळे, त्यामुळे प्रूफ कागदावरच बघा, मोबाईलवर पाठवून "कलर ओके?" विचारू नका. बारीक मराठी अक्षरं फक्त एका काळ्या शाईत ठेवा, चारही रंग मिसळून केलेला काळा जरा सरकला की मात्रांना लाल-निळी सावली येते. हिरव्यावर क्रीम अक्षरं मी सोडून दिली, संध्याकाळी गोठ्यातल्या बल्बखाली ती वाचता येत नाहीत. कागद यावेळी साधा मॅप्लिथो घेतला, वहीसारखा बिनचकाकीचा, लॅमिनेशन नाही, मागच्या पानावर अर्धी जागा कोरी, त्यावर फक्त तीन ओळी आखलेल्या: मॉडेल, किंमत, कुणाशी बोललात. प्रेसचे मालक म्हणाले, मॅडम, जागा वाया जातेय, तिथे अजून दोन मॉडेल बसतील. अण्णांनी पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेवर सही करून दाखवली. उमटली.

मॉडेलं चौदावरून चार केली. बाकीची विचारलं तर आहेत.

आणि दादाचा क्यूआर. मी तो कंपनीच्या वेबसाइटवर न्यायच्या विरोधात होते, वेबसाइटवर परत तेच व्हिजन मिशन. शेवटी तो एका छोट्या व्हिडिओवर नेला, आत्याबाई चारा घालतायत, बॅकग्राउंडला म्युझिक नाही, फक्त मशीनचा खरा आवाज आणि मागे म्हशी शांतपणे रवंथ करतायत. आवाज लई हाय का या प्रश्नाला दुसरं उत्तरच नव्हतं. दोन सेंटीमीटरपेक्षा मोठा छापला, भोवती पांढरी जागा सोडली, हिरव्या पट्ट्यावर नेऊन डिझाइनमध्ये मिसळायचा मोह आवरला.

दुसऱ्या वर्षी मोशीला मी एकच दिवस गेले. विक्री किती वाढली वगैरे मला विचारू नका, अण्णा ते आकडे स्वतःच्या बायकोला पण सांगत नाहीत. काकू म्हणाल्या की फोन आता लहान असतात. लोक सरळ विचारतात, ह्यातलं दुसरं मशीन, कधी मिळंल.

दुपारी स्टॉलवर एक आज्जी आल्या, नऊवारी, सोबत नातू. आज्जींच्या हातात आमचं ब्रोशर, कुठून तरी आधीच मिळालेलं, कव्हरवर बोट ठेवलेलं. मी एकदम सरसावून पुढे झाले, लिव्हर दाखवते म्हटलं, आज्जी या. आज्जींनी लिव्हरकडे बघितलं पण नाही.

"ही म्हस कुणाची?"

मी म्हटलं आमच्या आत्याबाईंची, का हो?

"किती दूध देत्या? इकायची हाय का?"

अण्णा मागून हसत होते. मी सांगितलं नाही हो आज्जी, विकायची नाही. आज्जींचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. नातू म्हणाला आज्जी चल, आपल्याला मशीन बघायचंय. आज्जी म्हणाल्या बघ तू मशीन, आणि मला म्हणाल्या तुझ्या आत्याचा नंबर दे. मी ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या जागेवर, "कुणाशी बोललात"च्या ओळीवर, आत्याबाईंचा नंबर लिहून दिला. नंतर कळलं तसे अजून दोघंतिघं येऊन गेले होते. नातवाने मशीन बुक केलं का ते मला माहीत नाही. आत्याबाई मात्र अजून माझ्यावर चिडून आहेत, त्यांना महिनाभर म्हशीसाठी फोन येत होते, आणि या वर्षीच्या ब्रोशरमध्ये फोटोखाली बारीक अक्षरात एक ओळ टाकायची असं अण्णांनी फर्मान काढलंय: फोटोतली म्हैस विकायला नाही.